अ‍ॅडलेडचे द्राक्षमळे व संग्रहालये

वाइनचे कारखाने पाहण्याकरिता कोणी मुद्दाम प्रवास करावा, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ओटीपासून माजघरापर्यंत कोणासच रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहो. तथापि दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी जी अ‍ॅडलेड, तेथे आठ दिवस राहून आसपासचे द्राक्षमळे न पाहता परत येणे म्हणजे महाबळेश्वरास जाऊन एकही पॉइंट न पाहता घाट उतरण्यासारखे आहे. मद्याचा थेंबही न घेता हा सर्व प्रदेश पाहता येतो, व आम्ही तो तसाच पाहिला. पाहून झाल्यावर जे मनात राहिले त्याचा पेयाशी संबंध थोडाच होता. एखादे कुटुंब आपल्या मागून येणाऱ्यांसाठी काय जतन करून ठेवते, आणि अशा जतनाच्या जमाखर्चातून कोणाचे नाव सरसकट गळून जाते, याचा विचार या मळ्यांतून आणि शहरातील संग्रहालयांतून हिंडताना सारखा मनात येत होता.

ऑस्ट्रेलियातील काही वसाहती इंग्लंडातून हद्दपार केलेल्या कैद्यांनी वसविल्या, हे सर्वश्रुत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलिया त्यांतील नव्हे. १८३६ साली स्थापन झालेली ही वसाहत पहिल्यापासून स्वखुशीने आलेल्या लोकांची. शहराची आखणी कर्नल विल्यम लाइट याने केली. हा गृहस्थ मलायातील केदाह येथे जन्मलेला. त्याचे बालपण पिनांगास गेले. मधोमध चौरस शहर आणि त्याच्या भोवती चहूंकडून हिरव्या उद्यानांचा कमरपट्टा, ही त्याची १८३७ मधील योजना आजही जशीच्या तशी डोळ्यांस दिसते. ईशान्येकडच्या डोंगरास स्पेनमधील एका लढाईच्या जागेचे नाव द्यावे असे त्याच्या मनात आले. ती जागा बारोसा. पण नाव उतरवून घेताना मुळातील एक अक्षर गळले आणि दुसरे वाढले, आणि चुकीचेच नाव कायम झाले. जगभर बाटल्यांवर छापले जाणारे बारोसा हे नाव म्हणजे अशी एक लेखनिकाची चूक आहे!

मळ्यांकडे निघण्यापूर्वी दोन ठिकाणे शहरातच पाहून घ्यावीत. वनस्पतिउद्यानाच्या कडेस २००१ साली उघडलेले राष्ट्रीय वाइन केंद्र आहे. पीपाच्या फळ्यांची आठवण व्हावी अशी त्याची लाकडी बांधणी पाहण्यासारखी असली तरी आतील माहिती व्यापारी थाटाची आहे. अर्ध्या तासाहून अधिक वेळ तेथे देण्याचे कारण नाही. त्याच उद्यानात १८८१ साली उघडलेले उपयुक्त वनस्पतींचे संग्रहालय मात्र आम्हांस फार आवडले. माणसाच्या उपयोगी पडणाऱ्या झाडांच्या बिया, डिंक, धागे, साली आणि लाकडे काचेच्या जुन्या कपाटांतून मांडलेली आहेत. जर्मनीहून आणविलेली कागदाच्या लगद्याची सफरचंदे व नासपती इतकी हुबेहूब की, लहान मुलांस तेथे हात धरूनच न्यावे. नव्या भूमीत काय रुजेल आणि काय विकेल, या एका प्रश्नाने त्या काळचे लोक किती पछाडलेले होते, ते या एका दालनात कळते.

शहरापासून अवघ्या आठ किलोमीटरवर मॅगिल येथे पेनफोल्ड यांचा मळा आहे. डॉ. ख्रिस्तोफर रॉसन पेनफोल्ड हे इंग्रज वैद्य १८४४ साली पत्नी मेरी हिच्यासह येथे आले आणि अशक्त, पांढुरक्या पडलेल्या रोग्यांस शक्तिवर्धक म्हणून देण्यासाठी त्यांनी वाइन करावयास आरंभ केला. हे ऐकून हसण्याचा अधिकार निदान आम्हांस तरी नाही. ज्या घरात दारूचे नावही उच्चारीत नाहीत, त्याच घरातल्या फडताळात वैद्यांनी दिलेल्या द्राक्षासवाची बाटली आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहो. डॉक्टर रोगी पाहण्यात गुंतलेले. मळा, मजूर आणि पिपे यांची व्यवस्था मेरीबाईंकडे. १८७० साली पती वारल्यावर तर सर्व कारभार त्यांनीच चालविला, आणि दुकान मात्र नवऱ्याच्या नावाने प्रसिद्धीस आले. ते जुने दगडी घर ग्रँज कॉटेज या नावाने अजून उभे आहे.

ग्रँज हेच नाव मॅक्स शुबर्ट या कारागिराने आपल्या वाइनला दिले. १९५१ साली त्याने तिचा पहिला प्रयोग केला. वीस-पंचवीस वर्षे मुरत ठेवण्याजोगी वाइन करावयाची हा त्याचा हेतू. पण चाखणाऱ्यांस ती नापसंत पडली आणि १९५७ साली संचालकांनी प्रयोग बंद करण्याचा हुकूम पाठविला. शुबर्टने हुकूम घेतला, आणि तळघराच्या आतल्या बाजूस आपले काम गुपचूप चालू ठेवले. तोपर्यंत पहिल्या वर्षांच्या बाटल्या मुरल्या. तेच जाणकार आता त्यांची वाखाणणी करू लागले, आणि १९६० साली नवा हुकूम निघाला की काम पुन्हा सुरू करावे! मधल्या तीन वर्षांचा माल अर्थातच तयार होता. लोणचे घालून आठव्या दिवशी बरणी उघडणाऱ्या घाईखोर मंडळींस ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

बारोसाची दरी शहरापासून सुमारे सत्तर किलोमीटर आहे. रक्तातील मद्याचे प्रमाण शेकडा ०.०५ वर गेल्यास गाडी हाकणे हा तेथे गुन्हा असल्यामुळे बहुतेक प्रवासी सकाळी निघून सायंकाळी परत आणणाऱ्या सहलीच्या मोटारीतूनच जातात. आम्हांस त्या कायद्याची भीती नव्हती. तरी हाकणारा वाटाड्या माहितगार असतो म्हणून आम्हीही तीच वाट धरली. प्रत्येक ठिकाणी एक चव घेण्याचे दालन असते. उंच मेजापलीकडील मनुष्य पेल्यात घोटभर ओततो, जमिनीची, उन्हाची आणि सालाची हकीकत सांगतो. पाहुणे वास घेतात, घोट तोंडात खेळवितात आणि पुष्कळजण तो शेजारच्या भांड्यात थुंकून टाकतात. ती पिकदाणी पाहून आमच्या घरची जुनी पितळी पिकदाणी आठवली. मौज ही की, जो खरा जाणता तो गिळत नाही. आम्ही काही घेत नाही असे सांगितल्यावर कोणी आग्रह केला नाही की कपाळास आठी घातली नाही. एका ठिकाणी तर कच्च्या, आंबट द्राक्षांचा रस आमच्यापुढे ठेवला. युरोपात जुन्या काळी स्वयंपाकात लिंबाऐवजी हा रस घालीत. मॅगी बीअर या बारोसातील पाककुशल बाईंनी १९८० नंतरच्या दशकात तो पुन्हा प्रचारात आणला. आमसुलाच्या साराशी त्याची सोयरीक सहज जमेल असे आमचे मत झाले.

आता या दरीतील माणसांविषयी. प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने आपल्या राज्यातील दोन प्रॉटेस्टंट पंथ एक करून सर्वांस एकच उपासनापद्धती लावून दिली. जुन्या ल्युथरपंथी खेडुतांस ती मानवली नाही. ऑगस्ट काव्हेल नावाच्या धर्मोपदेशकाच्या पाठीमागे ही मंडळी गाव सोडून निघाली; लंडनमधील जॉर्ज फाइफ अँगस या धनिकाने त्यांस प्रवासास पैसे दिले आणि १८३८ साली ती अ‍ॅडलेडास उतरली. १८३९ साली त्यांनी टेकड्यांत हानडॉर्फ हे गाव वसविले. ज्या जहाजाच्या कप्तानाने त्यांस जमीन मिळवून दिली त्या हानचे नाव गावास दिले. १८४२ साली बारोसात बेथनी येथे दुसरी वस्ती झाली. हानडॉर्फच्या बायका मध्यरात्रीनंतर डोकीवर भाजीपाला, लोणी व अंडी घेऊन निघत आणि डोंगर उतरून पहाटे अ‍ॅडलेडच्या बाजारात पोहोचत. सव्वीस किलोमीटरांची ती पायवाट आज पायी फिरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली आहे. परत येताना प्रत्येकजण देवळाच्या बांधकामासाठी दोन दोन विटा आणी, असे सांगतात.

या लोकांची जतन करण्याची हौस पाहून कोणीही चकित होईल. टॅनुंडा गावच्या प्रदर्शनात शेपू घालून मुरविलेल्या काकड्यांची अजून चढाओढ लागते, आणि प्रत्येक घरची कृती आजीकडून आलेली. पण खरे जतन वेलींचे. लँगमाइल येथे १८४३ साली लाविलेल्या शिराझ जातीच्या वेली अजून फळ देतात. एकेक खोड माणसाच्या कमरेएवढे जाड, पिळवटलेले, काळे. वर पाहावे तो कोवळी पाने! आमच्या नाशिककडील बागाईतदारास हे पटणे कठीण. तिकडे पंधरा-वीस वर्षांत बाग थकली म्हणून काढून टाकतात. तिकडे एप्रिल व ऑक्टोबर अशा दोन छाटण्या घेऊन वेलीस वर्षभर कामास लावतात; येथे हिवाळ्यात वेल निजते, तेव्हा एकच छाटणी, आणि फेब्रुवारी ते एप्रिल तोडणी.

या दीर्घायुष्याचे आणखी एक कारण आहे. फायलोक्झेरा नावाची मुळे खाणारी सूक्ष्म कीड अमेरिकेतून युरोपात गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने तेथील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. अमेरिकन वेलीच्या खुंटावर कलम केल्यावाचून तेथे द्राक्ष जगेना. १८७७ साली ती शेजारच्या व्हिक्टोरिया प्रांतात जिलाँग येथे सापडली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने बाहेरच्या फाट्या व रोपे आणण्यास कडक बंदी केली, १८९९ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि ही कीड आजतागायत तेथे शिरलेली नाही. म्हणून येथील जुन्या वेली आपल्याच मुळांवर उभ्या आहेत. (नाशिककडे डॉगरिजच्या खुंटावर कलमे करतात ती मुख्यतः खारट जमीन व पाण्याची टंचाई यांसाठी, ती निराळी गोष्ट.) मळ्यांच्या फाटकांवर पाट्या आहेत : ओळींतून चालू नये. दुसऱ्या मळ्यातील माती बुटास चिकटून येईल ही भीती. आमच्या घरी बाहेरची पादत्राणे आत आणीत नाहीत; त्यामागचे शास्त्र या लोकांस कोणी समजावून सांगावे लागले नाही.

किडीपासून वाचलेल्या या वेली माणसांच्या हातून मात्र थोडक्यात वाचल्या. १९८० नंतरच्या दशकात द्राक्षे फार झाली, भाव पडले, आणि सरकारने वेली उपटून टाकणाऱ्यास एकरी पैसे देऊ केले. शंभर शंभर वर्षांचे मळे त्या वेळी ट्रॅक्टरखाली गेले. त्याच्याही आधी, १९७८-७९ च्या सुमारास, पीटर लेहमन हा एका कंपनीचा वाइन करणारा होता. दरवर्षीच्या शेतकऱ्यांची द्राक्षे यंदा घेऊ नयेत असे त्यास वरून कळविण्यात आले. शब्द तर दिलेला. लेखी काही नाही, नुसते हातात हात घेऊन केलेले सौदे. त्याने नोकरी सोडली, मित्रांकडून भांडवल जमविले, स्वतःचा कारखाना काढला आणि सर्वांची द्राक्षे घेतली. हा जुगार आहे हे त्यास ठाऊक होते, म्हणून त्याने बाटलीवर किलवरची राणी छापली. आज त्या दरीत जुन्या वेलींची वयपरत्वे नोंद होते. पस्तीस वर्षांवरील ती जुनी, सत्तरीची ती तगून राहिलेली, शंभरीची ती शतायु आणि सव्वाशेच्या वरची ती पूर्वज, अशी २००९ साली केलेली वर्गवारी आहे. वेलीस पूर्वज म्हणणाऱ्या लोकांविषयी आमच्या मनात आपोआप आपलेपणा उत्पन्न झाला.

पण सर्वांत अधिक वेळ आम्ही थांबलो तो सेपेल्ट्सफील्ड येथे. सायलेशियातून आलेल्या योसेफ सेपेल्टने १८५१ साली येथे जमीन घेतली ती तंबाखूसाठी. तंबाखू साधली नाही, तेव्हा तो द्राक्षांकडे वळला. त्याचा मुलगा बेनो याने १८७८ साली नवे तळघर पुरे झाले तेव्हा त्या वर्षाच्या उत्तम गोड वाइनचे पाचशे लिटरचे एक पीप भरले, त्यावर साल घातले, आणि आज्ञा केली की यास शंभर वर्षे हात लावू नये. दरवर्षी एक याप्रमाणे तेव्हापासून एकही साल चुकलेले नाही. वरच्या मजल्यावरील त्या लांब खोलीत गेलो तेव्हा मनुकांचा, जुन्या लाकडाचा आणि ओल्या भिंतींचा दाट वास आला. ओळीने पिपे आणि प्रत्येकावर साल. लाकडातून दरवर्षी थोडे थोडे उडून जाते, तेव्हा शंभर वर्षांनी पाचशे लिटरांतले फार थोडे, काकवीसारखे दाट व काळे असे उरते. पहिले पीप १९७८ साली उघडले. भरणारा ते पिऊ शकणार नाही, त्याचा मुलगाही नाही, हे भरतानाच ठरलेले!

नातवासाठी आंबा लावणारे आजोबा आपल्याकडे घरोघर होऊन गेले. त्यामुळे बेनोचे कौतुक करताना आम्हांस परके काही वाटले नाही. १९३० नंतरच्या मंदीत माल खपेना, तेव्हा या कुटुंबाने मजुरांस काढून न टाकता रस्त्यांच्या दुतर्फा ताडासारखी शेकडो झाडे लावावयास लाविली. ती आज आभाळास भिडली आहेत. टेकडीवर ग्रीक देवळासारखे कुटुंबाचे समाधिस्थान आहे. यापुढची हकीकत मात्र मनास चटका लावते. कारखाना पुढे सेपेल्ट कुटुंबाच्या हातून गेला, एकामागून एक मालक बदलले. पिपांचा नेम कोणी मोडला नाही. पण ज्या पणतूंसाठी ती भरली त्यांच्या मालकीचे त्यांत काही राहिले नाही. आता पाहुण्यास पैसे भरून आपल्या जन्मसालच्या पीपातील घोट मिळतो. आमच्या बरोबरच्या एका वृद्ध जोडप्याने तो घेतला, आणि नंतर दोघेही बराच वेळ काही बोलली नाहीत.

जतनाचा हा हट्ट सरकारास नेहमीच रुचला असे नाही. पहिल्या महायुद्धात, ज्यांच्या आजोबांनी राजाच्या जुलमास कंटाळून जर्मनी सोडली होती, त्याच लोकांवर जर्मन म्हणून संशय आला. १९१७ साली ल्युथरपंथी शाळा बंद झाल्या आणि कायद्याने एकोणसत्तर गावांची जर्मन नावे पुसली. हानडॉर्फचे अ‍ॅम्बलसाइड झाले; १९३५ साली जुने नाव परत मिळाले. आज त्याच गावात जर्मन पाव आणि खेळणी विकण्याची दुकाने रांगेने आहेत. आम्हांस तो बाजार थोडा भडक वाटला.

दक्षिणेकडील मॅकलारेन व्हेलविषयी थोडक्यातच लिहितो. तेथे डारेनबर्ग यांच्या मळ्यात २०१७ साली पाच मजली, फिरवून अर्धवट सोडलेल्या कोड्याच्या ठोकळ्यासारखी काचेची इमारत उभी राहिली असून तिच्यात एक चमत्कारिक संग्रहालयही आहे. मुलांस मौज वाटेल. आम्हांस तासाभरात पुरे झाले. ध्यानात राहण्यासारखी गोष्ट एवढीच की, १९१२ साली हा मळा विकत घेणारे जोसेफ ऑस्बर्न स्वतः मद्यास स्पर्श न करणारे होते. आमचा पक्ष त्या दालनात अगदीच निराधार नव्हता तर!

शहरात परतल्यावर नॉर्थ टेरेस या एकाच रस्त्यालगत संग्रहालये आहेत आणि प्रवेशास पैसे पडत नाहीत. दक्षिण ऑस्ट्रेलियन संग्रहालयात एडियाकारा टेकड्यांतील शिळांवर उमटलेल्या, सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या मऊ शरीराच्या जीवांचे ठसे आहेत. भूगर्भतज्ज्ञ रेग स्प्रिग यास ते १९४६ साली आढळले, आणि २००४ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातील एका संपूर्ण कालखंडास त्या टेकड्यांचे नाव मिळाले. त्यापुढे बेनोची शंभर वर्षे ती काय! ऑस्ट्रेलियातील मूळच्या रहिवाशांच्या वस्तूंचा जगातील सर्वांत मोठा संग्रह याच इमारतीत आहे. ढाली, जाळी, भाले, विणलेल्या टोपल्या. त्या पाहताना मनात आले की, बारोसात प्रत्येक वस्तू तिच्या घरात पाहिली, येथे प्रत्येक वस्तू घराबाहेर आहे. केवळ वस्तूच नव्हे, माणसांच्या अस्थीही अशाच गोळा झाल्या होत्या. अ‍ॅडलेडच्या सपाटीवर राहणारे जे गार्ना लोक, त्यांच्या पूर्वजांच्या या संग्रहालयातील अस्थींना २०२१ पासून शहराच्या उत्तरेस वांगायार्ता येथे पुन्हा मूठमाती मिळू लागली आहे.

जवळच स्थलांतर संग्रहालय आहे. १९८६ साली ते निराधारांच्या जुन्या आश्रमाच्या इमारतीत उघडले. हिंदी माणसाने ते चुकवू नये. १९०१ च्या कायद्याने आलेल्या परदेशी मनुष्यास युरोपातील कोणत्याही भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा लिहावयास सांगता येत असे. ज्यास घ्यावयाचे नाही त्यास न येणारी भाषा निवडली की झाले. ही परीक्षा १९५८ पर्यंत होती. त्याआधी मात्र आपल्या बाजूच्या माणसांवाचून यांचे चालत नव्हते. १८६६ साली शंभरावर उंट व त्यांचे हाकणारे कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून, येथे आणले. वाळवंटातील तारायंत्राचे व खाणींचे सामान पुढे उंटांच्या पाठीवरूनच गेले. उंटवाल्यांनी बांधलेली मशीद शहरात अजून आहे.

या आश्रमाच्या पूर्वी त्याच जागेवर मूळच्या रहिवाशांच्या मुलांची शाळा होती, आणि तिची हकीकत सांगितल्यावाचून हे लिखाण पुरे होणार नाही. १८३८ साली नव्या गव्हर्नराबरोबर दोन तरुण जर्मन मिशनरी अ‍ॅडलेडास उतरले : टाइखेलमान आणि श्यूरमान. त्यांच्या जहाजाचे नाव मुंबईच्या एका पारशी गृहस्थावरून ठेवलेले होते, पेस्तनजी बमनजी! या दोघांनी नदीकाठी पिल्टावाडली येथे शाळा काढली आणि गार्ना मुलांस त्यांच्याच भाषेत लिहावयास शिकविले. १८४० साली त्यांनी त्या भाषेचे व्याकरण व सुमारे दोन हजार शब्दांचा कोश छापला. आमचा मोल्सवर्थचा कोश १८३१ चा; काळ तोच, माणसेही त्याच जातीची, कष्टाळू व चिकट. पण मराठीस कोश मिळाला तेव्हा ती बोलणारे लक्षावधी होते. गार्ना भाषेची शाळा १८४५ मध्ये मोडली, मुले या नव्या जागेत इंग्रजी शाळेत आणली गेली, आणि ती भाषा ओघाने बोलणारी शेवटची समजली जाणारी इवारिची ही वृद्ध स्त्री १९२९ साली वारली.

साठ वर्षे त्या भाषेचे असे एवढे एक पुस्तकच उरले होते. १९९० नंतर गार्ना लोकांच्या नातवंडा-पतवंडांनी भाषाशास्त्रज्ञांच्या साहाय्याने तेच पुस्तक उघडून आपली भाषा पुन्हा शिकावयास घेतली. गाणी झाली, अभिवादने झाली, दूरध्वनीसारख्या नव्या वस्तूंस जुन्या धातूंवरून शब्द झाले. शहराच्या मध्यवर्ती चौकास व्हिक्टोरिया राणीच्या नावाच्या जोडीला टार्नटान्यांगा हे नाव आहे. ज्या नदीकाठी ती पहिली शाळा होती, त्या टॉरेन्सच्या पाटीवर दुसरे नाव करावीरा पारी असे लिहिलेले आहे. लाल गमवृक्षांच्या रानातील नदी, असा त्याचा अर्थ. ते वृक्ष काठाने अजून काही उभे आहेत.